मधल्या माणसाचे वाचन

पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना कळला तो दुसऱ्याच्या पत्रातून. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, तेव्हा पेशवे कुमक घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. सावकारांचा एक कासीद पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबादेस पोहोचण्याच्या बोलीने निघाला होता. नर्मदा ओलांडण्याच्या सुमारास त्याची आणि पेशव्यांच्या लष्कराची गाठ पडली आणि त्याच्याजवळचे पत्र पेशव्यांनी फोडून वाचले, अशी हकिकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. पत्रात लढाईचे नाव नव्हते. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि गणती न होण्याइतके रुपे-तांबे गमावल्याचा तो पेढीवरचा हिशेब होता. मोती कोण आणि मोहरा कोण हे समजायला पेशव्यांना टीकाकार लागला नसावा. दोन मोत्यांपैकी एक त्यांचा मुलगा होता आणि दुसरा चुलतभाऊ.

ही हकिकत आपण वर्गात रूपकाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. रूपक हेच येथे कुलूप आहे आणि समान अनुभव ही त्याची किल्ली. परंतु अलीकडे तिच्यातल्या आणखी एका गोष्टीने मला धरून ठेवले आहे. या पत्राच्या भोवती माणसे तीन आहेत: लिहिणारा, ज्याच्यासाठी लिहिले तो, आणि वाटेत उभा असलेला. साहित्यविचाराने पहिल्या दोघांचा पुष्कळ ऊहापोह केला; तिसऱ्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः जुन्या पत्रांचे अभ्यासक म्हणून आपण सारे तिसरेच असतो. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातले एकही पत्र त्यांच्या किंवा आपल्या नावे लिहिलेले नव्हते. योगायोग असा, की त्याच १८९८ साली ब्रिटिश सरकारने टपालाचा कायदा केला आणि त्याच्या २६ व्या कलमान्वये सार्वजनिक आणीबाणीच्या वा सुरक्षिततेच्या कारणासाठी टपाल अडवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. राजवाडेही दुसऱ्यांची पत्रे उघडत होते आणि सरकारही. दोन्ही कृतींना आपण एकच नाव देत नाही. का देत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नापाशी मी ज्या वाटेने आले ती साहित्याची वाट नव्हती. २०२० साली महाविद्यालये बंद झाली आणि शिकवणे मोबाइलच्या पडद्यावर गेले. कविता समजावून सांगताना समोर विद्यार्थी नसत, त्यांच्या नावांच्या चौकटी असत. या चौकटींच्या मागे आणखी कोण बसलेले आहे, आपण एखादे पान उघडतो तेव्हा नेमके काय जाते आणि कुणाकडे जाते, हे मला पाहावेसे वाटू लागले. पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीचे काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला विचारले, तेव्हा तिने 'मिटमप्रॉक्सी' हे नाव सांगितले. न्यूझीलंडचे अल्डो कोर्तेसी यांनी २०१० साली सुरू केलेला हा प्रकल्प. पुढे इतर अनेकांचे हात त्याला लागले. ते मुक्त आहे, फुकट आहे, आणि चित्रांच्या बटणांऐवजी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून चालते. नावातली पहिली चार अक्षरे 'मॅन इन द मिडल' या शब्दांची आद्याक्षरे आहेत. मधला माणूस! इतके प्रांजळ नाव सहसा कुठल्या हत्याराला नसते.

त्याचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. त्याशिवाय पुढचे समजणार नाही. मोबाइल आणि संगणक एकाच वायफायवर असावेत. संगणकावर हे साधन सुरू करायचे आणि मोबाइलच्या वायफायच्या मांडणीत संगणकाचा पत्ता आणि ८०८० हा दरवाजा प्रॉक्सी म्हणून लिहायचा. आता मोबाइलच्या ब्राउझरमधून बाहेर जाणारे पत्र आधी संगणकाच्या ओसरीवर येते आणि मग पुढे जाते. पण येथे एक अडचण आहे. आजचे बहुतेक वेबवाहन बंद लिफाफ्यातून चालते. पंधरा वर्षांपूर्वी पुष्कळशी संकेतस्थळे पोस्टकार्डासारखी होती, वाटेतल्या कुणीही वाचावीत अशी. आता पत्त्याच्या आधी जे कुलपाचे चिन्ह वा 'एचटीटीपीएस' ही अक्षरे असतात, ती लिफाफा बंद असल्याची खूण. मधल्या माणसाला लिफाफा दिसतो, त्यावरचे संकेतस्थळाचे नाव सहसा दिसते, आतला मजकूर दिसत नाही.

मग मधला माणूस एक सोंग घेतो. मोबाइलला तो सांगतो, मीच ते संकेतस्थळ. संकेतस्थळाला सांगतो, मीच तो मोबाइल. एका बंद संभाषणाची दोन बंद संभाषणे होतात आणि दोहोंच्या मध्ये, त्याच्या टेबलावर, कागद उघडा पडलेला असतो. मोबाइल या सोंगाला सहजासहजी फसत नाही. प्रत्येक संकेतस्थळाला आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि त्यावर ज्याची मोहर आहे तो विश्वासू आहे का, हे मोबाइल आपल्याजवळच्या यादीत पाहतो. म्हणून मिटमप्रॉक्सी स्वतःची मोहर तयार करते आणि ती आपण आपल्या हाताने, आपल्या मोबाइलच्या यादीत बसवावी लागते. बसवली की अँड्रॉइडचा मोबाइल इशारा देतो: या नेटवर्कवर कुणी लक्ष ठेवून असू शकते. तेही सर्वत्र चालत नाहीच. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप अशी हाताने बसवलेली मोहर मानत नाहीत, ब्राउझर मानतो. मी जे पाहिले ते म्हणूनच मुख्यतः ब्राउझरमधले आहे.

ही मोहरेची यादी किरकोळ बाब नव्हे. साऱ्या वेबवरचा विश्वास तिच्यावर उभा आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळले, की त्याच्या काही संकेतस्थळांच्या नावाची, त्याने कधी न मागितलेली प्रमाणपत्रे अस्तित्वात आहेत, आणि त्यांवर भारतातल्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या प्रमाणन यंत्रणेची मोहर आहे. ती प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली. मोहर खरी असूनही पत्र खोटे असू शकते, हे बखरी आणि सनदा वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता पडद्यावर काय दिसते ते पाहू. एक पान उघडले की ओळींमागून ओळी सरकू लागतात. एकेक ओळ म्हणजे एकेक मागणी. वर्तमानपत्राचे एखादे पान मागावे, तर त्याच्याबरोबर डझनावारी मागण्या अशा ठिकाणी जातात ज्यांची नावे आपण कधी ऐकलेली नसतात. एका ओळीवर थांबून ती उघडली, की पत्रच समोर येते. मला पहिल्यांदा नवल वाटले ते त्याच्या घडणीचे. आपल्या जुन्या पत्रांना मायना असतो: कोणी, कोणास, कोणत्या नात्याने, कोठून, मग विनंती विशेष, मग मजकूर, मग लेखनसीमा. येथेही आधी मायना आहे. कोणाकडे जायचे ते स्थळ, बोलणारा कोण म्हणजे कोणता ब्राउझर आणि कोणते यंत्र, त्याला कोणकोणत्या भाषा चालतात, आधीच्या भेटीत यजमानाने हातात दिलेली खूण, जिला कुकी म्हणतात. माझ्या मायन्यात भाषांच्या रकान्यात मराठी पहिली होती. मी जिथे जाते तिथे ही बाई मराठी वाचते असे आधीच वर्दी देऊन जाते, हे मला तोवर माहीत नव्हते. मजकूर पुष्कळदा रिकामाच असतो. जे सांगायचे ते सारे मायन्यातच सांगून झालेले असते.

या मायन्यातल्या एका शब्दापाशी पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने अवश्य थांबावे. आपण कोणत्या पानावरून आलो हे सांगणाऱ्या रकान्याचे नाव 'रेफरर' असे आहे. इंग्रजी कोशाप्रमाणे त्यात मध्ये 'आर' हे अक्षर दोनदा हवे. वेबच्या नियमांत ते एकदाच आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीच्या दस्तऐवजात ही चूक तशीच राहिली आणि तोवर ती इतक्या यंत्रांत पसरली होती की दुरुस्त करणे अशक्य झाले. आज जगातला प्रत्येक ब्राउझर तो शब्द चुकीचाच लिहितो, कारण बरोबर लिहिला तर समोरच्याला कळणार नाही. लेखनिकाचा प्रमाद पाठ म्हणून रूढ होतो तो असा.

पाठाचा विषय निघाला म्हणून पैठणकडे वळते. माझे माहेर पाचोडचे. पैठण आमचा तालुका. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ आणि वाचक यांच्या मध्ये तीन शतकांचे लेखनिक उभे होते आणि त्यांतल्या कित्येकांनी आपापल्या परीने भर घातली होती. शुद्धीकरणानंतर, यापुढे कुणी यात आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल, असा इशारा एकनाथांच्या नावे सांगितला जातो. मधल्या माणसाच्या अंगी दोन शक्ती असतात, वाचण्याची आणि बदलण्याची. एकनाथांची चिंता दुसरीविषयी आहे.

मिटमप्रॉक्सीतही या दोन्ही शक्ती आहेत. एक कळ दाबून पत्र वाटेतच थांबवता येते, दुसरीने त्यातला मजकूर बदलता येतो, तिसरीने ते पुढे सोडता येते. पोहोचणाऱ्याला काहीच कळत नाही. हे केवळ प्रयोगशाळेत घडते असे समजू नये. जून २०१५ मध्ये बेंगळुरूचे प्रोग्रॅमर थेजेश जी. एन. यांना आपल्याच संकेतस्थळाच्या पानात, आपण कधीही न लिहिलेली काही ओळींची आज्ञावली आढळली. एअरटेलच्या थ्रीजी जोडणीवरून पान मागवले की ती वाटेत त्यात शिरत होती. त्यांनी हे पुराव्यानिशी प्रसिद्ध केले, तेव्हा ती आज्ञावली ज्या इस्रायली कंपनीची होती तिच्या वतीने त्यांनाच कायदेशीर नोटीस आली. ग्राहक किती डेटा वापरतात हे मोजण्याची ती एक चाचणी होती, असे एअरटेलचे म्हणणे होते. हेतू काही असो, ताटात नरोटी पडली होती, आणि ती दिसली ती केवळ एका वाचकाने आपले पान मुळाशी ताडून पाहिले म्हणून. पाठचिकित्सा ती हीच. बंद लिफाफ्याने, म्हणजे एचटीटीपीएसने, ही वाटेतली भर पुष्कळ कठीण केली आहे, हेही येथे नमूद करायला हवे.

मात्र लिफाफा बंद असला तरी आपले पत्र ज्यांना ज्यांना जाते ते सारे आपण निवडलेले असतात असे नाही. ते मला उमगले पाचोडला.

पाचोड छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. बाहेर त्याचे नाव दोन कारणांनी ऐकू येते: एक मोसंबीचा बाजार, आणि दुसरे 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' ही संस्था, जिने खेड्यांतल्या किशोरवयीन मुलींचे आरोग्य आणि कमी वयातली लग्ने या प्रश्नांवर दीर्घकाळ काम केले आहे. आमच्या घरात पहिल्या विषयावर रोज बोलणे होते. दुसऱ्यावर होत नाही. गेल्या दिवाळीत मी गेले, तेव्हा माझ्या या नव्या उद्योगाची बातमी आधीच पोहोचली होती. जेवणे झाल्यावर दादा ओसरीवर आला आणि म्हणाला, "तुला ते दिसतं ना, मोबाइलवर कोण काय बघतंय ते? मग एवढं पोरीचं बघून दे. दिवसभर त्याच्यातच तोंड घालून बसती."

पोर म्हणजे माझी भाची. अठरा पूर्ण झालेली, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला. दादाच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, काळजी होती. आमच्या आईच्या माहेरून पत्र आले की ते आधी आजोबा वाचत, मग मोठे काका, आणि मग ते स्वयंपाकघरात जाई. ते फोडून वाचले असे कुणालाही वाटत नसे. पत्र घराचे होते. अंतर्देशीय पत्राच्या तीन बाजू डिंकाने चिकटवलेल्या असत, त्या घरातल्या माणसांसाठी नव्हेत असाच सर्वांचा समज होता. म्हणून सासरी असलेल्या बायकांची त्या काळची पत्रे 'आम्ही सर्व खुशाल आहोत' यापलीकडे सहसा जात नाहीत. ती वाचताना त्यांतल्या रिकाम्या जागा वाचाव्या लागतात. कुणीतरी मध्ये उभे आहे हे माहीत असले की माणूस मोती आणि मोहरा लिहू लागतो, किंवा काहीच लिहीत नाही.

मी दादाला म्हटले, "आधी तुझा बघू." तो तयार झाला. मोहर त्याच्या मोबाइलमध्ये त्यानेच बसवली, मी फक्त सांगत गेले. मग तो रोज सकाळी पाहतो ती पाने उघडू लागला: आंबिया बहाराच्या मोसंबीचे भाव, फळगळीवरचा उपाय, हवामान. काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या. त्याने फक्त मोसंबीचा भाव विचारला होता. तो विचारल्याची वर्दी मात्र चार-पाच अनोळखी दारांवर गेली होती, त्याच्या मोबाइलच्या बनावटीसह. भावाच्या पानावर मधोमध जाहिरातीची जागा होती, आणि तिच्यासाठी आलेल्या चित्रात सोनेतारण कर्जाचा व्याजदर होता. मी म्हटले, अशा जाहिराती सर्वांनाच दिसतात. तो काही वेळ बोलला नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हळूच म्हणाला, "मी परवा बघितलं होतं ते. हिला दिसणार नाही ना?"

वहिनीला ते दिसणार नव्हते. पण ते कुणाला तरी दिसले होते, आणि त्या कुणाला दादाने ओसरीवर बोलावलेले नव्हते. मी संगणक बंद केला. त्याने भाचीचा विषय पुन्हा काढला नाही असे मात्र नाही. उठताना म्हणाला, "पण पोरीचं वेगळं असतं." या वाक्याला माझ्यापाशी त्याला पटेल असे उत्तर नव्हते. मी एवढेच सांगितले, की तिचे तिला दाखवीन. तुला सांगायचे की नाही ते तीच ठरवील.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरच्या खोलीत तिने आपला मोबाइल जोडला. मी आधी विचारले, की माझ्यासमोर उघडायला नको असे काही आहे का; असेल तर मी खाली जाते, कळा कुठल्या दाबायच्या ते लिहून देते. तिने थोडा विचार केला आणि मला बसायला सांगितले. मग आरोग्यविषयक माहितीचे एक मराठी पान उघडले. पाळी अनियमित असण्याविषयीचे होते. हा प्रश्न तिने घरात कुणाला विचारलेला नव्हता.

पडद्यावरचा पत्ता पाहून ती म्हणाली, "हे तर काहीच वाचता येत नाही." खरेच येत नव्हते. पत्त्यातली देवनागरी अक्षरे वाटेवर तशी जात नाहीत. प्रत्येक वर्णचिन्हाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा टक्क्याचे चिन्ह आणि पुढे दोन खुणा असा लिहिला जातो. 'पाळी' या शब्दात प, काना, ळ आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे. त्यांचे बारा तुकडे, म्हणजे छत्तीस खुणा. दिसायला ही गुप्त लिपी वाटते, पण आहे ती मोडीसारखी. मोडी न शिकलेल्याला ती अगम्य, शिकलेल्याला उघडी. कुणापासून काही लपवावे म्हणून कारकून मोडी लिहीत नव्हते. त्या छत्तीस खुणांचा पुन्हा 'पाळी' करायला यंत्राला क्षणही लागत नाही.

आणि त्या छत्तीस खुणा एकाच ठिकाणी गेलेल्या नव्हत्या. पानाचा पूर्ण पत्ता आणि पूर्ण शीर्षक, मागणीच्या निरनिराळ्या रकान्यांतून, वाचकांची मोजदाद करणाऱ्या आणि जाहिराती लावणाऱ्या तिसऱ्याच स्थळांना पोहोचत होते, आणि त्यांतल्या काहींजवळ तिला आधीच दिलेली ओळखीची खूण होती. तिचे नाव त्यात कुठेही नव्हते. तिच्या नावाची त्यांना गरज नव्हती. ती बराच वेळ एकेक ओळ उघडून पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "पण हे मी पाठवलंच नाही, आत्या."

त्या एका वाक्यात सारा प्रश्न आहे, असे मला वाटते. पेशव्यांच्या हाती पडलेले पत्र सावकाराने लिहिले होते. निदान ते त्याचे तरी होते. येथे पत्र तिच्या नावे, तिच्या यंत्रातून, तिच्या भाषेत गेले आणि ते तिने लिहिलेले नव्हते. लेखकत्वाविषयी आपण गेली कित्येक वर्षे बरेच सैद्धांतिक लिहिले-वाचले. लेखक संपला, संहिता उरली, असेही म्हणून झाले. आपल्या नावावर रोज शेकडो पत्रे रवाना होतात आणि आपण त्यांचे लेखक नसतो, हे त्या चर्चेपेक्षा पुष्कळ साधे आणि पुष्कळ अडचणीचे वास्तव आहे. ती पत्रे वाचण्याचा अधिकार, माझ्या मते, सर्वप्रथम ज्याच्या नावे ती जातात त्याचा आहे. मिटमप्रॉक्सीचे मोल त्यात आहे. तिथे मधला माणूस आणि मूळ माणूस एकच होतात.

संध्याकाळी तिने विचारले, ती मोहर आता काढायची कशी. काढून झाल्यावर यादी पुन्हा उघडून नाव गेले आहे ना याची खात्री करून घेतली. दादाला तिने काय सांगितले ते मी विचारले नाही.

कायद्याच्या बाजूनेही हा प्रश्न सुटलेला आहे असे नाही. १८८५ च्या तार कायद्याखाली होणाऱ्या दूरध्वनीच्या चोरट्या श्रवणाला १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या खटल्यात कार्यपद्धतीची बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. १८९८ च्या टपाल कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, तो जून २०२४ पासून लागू झाला. टपाल अडवण्याची तरतूद त्यातही आहे. २०२३ च्याच वैयक्तिक डिजिटल विदेविषयीच्या कायद्यात संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी असे म्हटले आहे. भाषेच्या माणसांनी याची नोंद घ्यावी. ही सूचना कळण्याजोग्या मराठीत लिहिली जाते की छत्तीस खुणांसारख्या मराठीत, यावर त्या संमतीला अर्थ आहे की नाही हे ठरेल. ते मराठी तपासणे हे आपलेच काम आहे.

आता राजवाडे आणि २६ वे कलम यांच्याकडे परत जाऊ. राजवाड्यांनी पत्रे उघडली तेव्हा लिहिणारे आणि ज्यांना लिहिले ते दोघेही दीर्घकाळापूर्वी गेलेले होते. त्यांच्या उत्तरांवर आता कुणाच्या वाचनाची सावली पडणार नव्हती. जे वाचले ते त्यांनी छापून सर्वांपुढे ठेवले. आपण मध्ये उभे आहोत हे लपवले नाही. अडवणारे सरकार जिवंत माणसांच्या मध्ये उभे राहते, त्यांच्या नकळत, आणि वाचलेले स्वतःपाशी ठेवते. संकेतस्थळांच्या मागे उभे असलेले मोजणारे आणि जाहिरातवाले याच दुसऱ्या प्रकारात बसतात. माझ्या दादाने मागितले तेही, प्रेमापोटी असले तरी, याच प्रकारातले होते. साधन सर्वत्र एकच. पत्र कुणाचे, त्याला ठाऊक आहे का, आणि वाचलेल्याचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की वाचनाचे नाव बदलते.

हे वर्गात आणता येईल असे मला वाटते आणि गेल्या वर्षी मी ते एका तासापुरते आणून पाहिले. पत्रवाङ्मय शिकवताना जुन्या पत्राचा मायना फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शेजारी एका मागणीचा मायना. विद्यार्थ्यांनी दोहोंतले रकाने जुळवले: कोणी, कोणास, कोठून, कोणत्या खुणेने. मग दोन-तीन विद्यार्थ्यांनी आपापल्या यंत्रावर एक मराठी पान मागवले आणि त्यासोबत गेलेल्या पत्रांची यादी वहीत उतरवली, जशी आपण हस्तलिखिताची वर्णनसूची करतो तशी. कोणते पत्र आपण लिहिले आणि कोणते आपल्या नावे गेले, असे दोन स्तंभ होते. दुसरा स्तंभ लिहायला पान पुरले नाही. त्या तासाला नियम दोनच होते. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या यंत्राचे वाचायचे, आणि घंटा होण्यापूर्वी मोहर काढून टाकायची.